उसाच्या कुळातले काशगवत

१९४९ च्या सप्टेंबर महिन्यात भारत सरकारने जागतिक बँकेकडून एक कोटी डॉलरचे कर्ज घेतले. स्वतंत्र देशाने या बँकेकडून घेतलेले ते दुसरेच कर्ज. पहिले रेल्वेसाठी होते. दुसरे होते शेतीच्या अवजड ट्रॅक्टरांसाठी, आणि या ट्रॅक्टरांचे मुख्य काम होते एक गवत मुळासकट उपटून काढणे. संस्कृतात त्याला काश म्हणतात, हिंदी मुलखात कांस. पाऊस ओसरू लागला की नदीकाठी आणि पडीक रानात त्याचे रुपेरी तुरे डोलू लागतात. ऋतुसंहारातला शरद याच फुलांनी नटून येतो. पण मध्य भारतातल्या काळ्या जमिनीत हेच गवत शेतकऱ्याच्या उरावर बसले होते. जमिनीखाली खोलवर पसरलेली त्याची खोडे बैलांच्या नांगराला दाद देत नसत आणि तुटलेल्या तुकड्यातून पुन्हा ठोंब फुटत. अन्नधान्याच्या टंचाईने हैराण झालेल्या सरकारने त्याच्यावर यंत्रे घातली यात वावगे काही नव्हते. मात्र ज्या साली हे कर्ज मंजूर झाले, त्याच साली देशातल्या फडांत उभ्या असलेल्या बहुतेक उसाच्या अंगात याच काशाचे रक्त वाहत होते. विसाव्या शतकात भारतातले उसाचे पीक सावरले आणि फोफावले ते ज्याच्यात नावापुरतीच साखर आहे अशा या रानगवताच्या बळावर, असे माझे म्हणणे आहे. साखरेचा इतिहास कारखाने, कायदे आणि पुढारी यांच्या अंगाने पुष्कळदा सांगितला जातो. तो या गवताच्या अंगाने पाहिला तर विज्ञानाबद्दल आणि उपयुक्ततेच्या आपल्या कल्पनेबद्दल काही वेगळे हाती लागते.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीची स्थिती अशी होती की ज्या भूमीने जगाला ‘शर्करा’ आणि ‘खंड’ हे शब्द दिले, तिच्याच बाजारात जावा बेटाची पांढरी साखर येऊन पडत होती. भारतात ऊस कमी नव्हता. लाखो एकरांवर होता. पण त्यातला बहुतांश उत्तरेत, पंजाबपासून बिहारपर्यंतच्या मैदानात होता आणि तिथला ऊस बोरूसारखा बारीक. थंडी, कोरडा उन्हाळा, पावसाळ्यात साचणारे पाणी हे सगळे तो सोसायचा, पण एकरी उतारा तुटपुंजा. दक्षिणेत आणि दख्खनमध्ये जाड, रसाळ ऊस होता. त्याला पाणी, खत आणि ऊब मुबलक लागे. उत्तरेच्या हिवाळ्यात त्याचा टिकाव लागत नसे. एकाकडे गोडी होती, दुसऱ्याकडे काटकपणा होता, आणि दोन्ही एका उसात आणण्याची वाट बंद होती. कारण ऊस लावला जातो कांडीने. डोळा फुटून येणारे रोप हे आईबापांचे मूल नसते, तो त्याच उसाचा पुढे चालू राहिलेला देह असतो. शेकडो वर्षे लावणी होत राहिली तरी बदलाला वाव फारसा नसे. उसाला तुरा येतो हे सगळ्यांना ठाऊक होते. त्या तुऱ्यात रुजणारे बी असते यावर मात्र कुणाचा विश्वास नव्हता. १८८० च्या दशकाच्या अखेरीस जावामध्ये सोल्टवेडल यांनी आणि बार्बाडोसमध्ये हॅरिसन व बॉव्हेल यांनी उसाच्या बियांपासून रोपे वाढवून दाखवली, तेव्हा हा समज मोडला. साखरेच्या इतिहासात वाफेच्या यंत्राइतकेच महत्त्व या शोधाला द्यायला हवे. यंत्राने असलेला रस पिळला. या शोधाने नसलेला ऊस घडवण्याची सोय केली.

जावातल्या डच लोकांना ही सोय लगेच वापरावी लागली, कारण तिथला नामांकित जाड ऊस ‘सेरेह’ नावाच्या रोगाने ढासळत होता. त्यांनी रोगाला न जुमानणारे नातलग शोधले. त्यात भारतातून नेलेला ‘चुन्नी’ हा बारीक ऊस होता आणि जावाच्याच मातीत सापडलेला ‘कासूर’ नावाचा एक रानवट झाडोरा होता. जाड ऊस आणि तिथले काशगवत यांचा निसर्गानेच केलेला तो संकर होता, हे पुढे उलगडले. या कासूरच्या वंशातून १९२१ साली येसविट यांनी ‘पीओजे २८७८’ हा वाण काढला आणि दहा वर्षांच्या आत जावाचे बहुतेक फड त्याने व्यापले. म्हणजे ज्या साखरेने भारतीय बाजार जिंकला, तिच्या मुळाशीही गवताचीच सोयरीक होती.

भारतात या कामाचे ठाणे १९१२ साली कोइमतूरला पडले. ऊस उत्तरेत आणि संशोधन केंद्र दूर दक्षिणेत, हे वरवर विचित्र दिसते. पण त्यामागे साधे कारण होते. उत्तरेत उसाला तुरा क्वचित येतो. कोइमतूरच्या हवेत तो भरघोस येतो. जिथे फूल नाही तिथे लग्न लावणार कसे? चार्ल्स आल्फ्रेड बार्बर हे वनस्पतिशास्त्रज्ञ या केंद्राचे पहिले प्रमुख. मद्रास इलाख्यात गोदावरीच्या मुखप्रदेशातला ऊस ‘लाल कूज’ या रोगाने मारला जाताना त्यांनी पाहिला होता, त्यामुळे एकाच जातीवर विसंबण्याचा धोका त्यांना पुस्तकातून शिकावा लागला नव्हता. त्यांच्या हाताखाली टी. एस. वेंकटरामन हे तरुण वनस्पतिशास्त्रज्ञ रुजू झाले. बार्बर यांच्यानंतर हे काम त्यांनी पुढे दोन दशकांहून अधिक काळ सांभाळले.

हे काम डोळ्यांसमोर आणले पाहिजे, कारण त्यातली चिकाटी ‘संकर’ या एका शब्दात मावत नाही. उसाचा तुरा म्हणजे हजारो इवल्या फुलांचा पिसारा. प्रत्येक फुलात पुंकेसर आणि स्त्रीकेसर दोन्ही असतात, त्यामुळे बी कोणाचे हा प्रश्न पहिल्यापासूनच गुंतागुंतीचा. एकेक फूल चिमट्याने उकलून पुंकेसर काढत बसणे व्यवहारात अशक्य. म्हणून ज्या उसाचे परागकण वांझ असतात, तो आई म्हणून निवडायचा. परागकणांची पारख आयोडीनच्या थेंबाने होते: भरदार, पिष्ट साठवलेला कण काळानिळा होतो, पोकळ कण फिकाच राहतो. मग पहाटेच्या वेळी बापाचा तुरा आईच्या तुऱ्याच्या वर बांधायचा, दुसऱ्या कुणाचे पराग येऊ नयेत म्हणून भोवती कापड लावायचे, आणि आठवड्यांनी जो रेशमी भुसा हाती येतो तो जसाच्या तसा मातीवर पसरायचा. त्यात मिलिमीटर-दीड मिलिमीटरचे बी दडलेले असते. उगवून येते ते ऊस वाटतच नाही. हरळीसारखी नाजूक हिरवी पाती असतात. एकाच तुऱ्याची ही भावंडे, पण एकासारखे दुसरे नाही. कुणी जाड, कुणी बारीक, कुणी पाण्यासारखे फिके, कुणी गोड. हजारो रोपांतून शेकडो, शेकड्यांतून दहावीस, आणि त्यातून शेवटी एखादा वाण. बी पेरल्यापासून तो शेतकऱ्याच्या हाती जाईपर्यंत दहाएक वर्षे सहज जातात.

पहिल्या काही हंगामांतच इथे एक धाडसी जोडी जमवली गेली. आई ‘वेल्लै’ हा दक्षिणेतला जाड, पांढरट, गोड ऊस. बाप कोइमतूरच्या आसपास उगवणारे काशगवत. साखर वाढवायची असताना साखर नसलेला बाप निवडणे हे त्या काळच्या कुठल्याही गुऱ्हाळवाल्याला वेडेपणाचे वाटले असते. त्यातून जो वाण निघाला तो ‘को २०५’. १९१८ साली तो पंजाबसाठी दिला गेला आणि तिथल्या स्थानिक ‘काठा’ उसाच्या सुमारे दीडपट उतारा त्याने दिला. गोडीत तो पहिल्या रांगेतला नव्हता आणि त्याच्यात तंतूही जास्त होते. पण पाणी साचलेल्या, कोरड्या पडणाऱ्या, थंडीने कडकडणाऱ्या शेतात तो उभा राहिला, आणि उभा राहिलेला मध्यम ऊस आडव्या पडलेल्या उत्तम उसापेक्षा अधिक साखर देतो. पुढच्या वर्षांत को २१३, को २८१, को २९०, को ३१२ अशी रांगच लागली. १९३० चे दशक संपेपर्यंत उत्तरेतल्या फडांचा चेहरामोहरा पालटला होता.

वेडेपणा वाटणारी ही जोडी यशस्वी का झाली, याचे उत्तर हळूहळू सूक्ष्मदर्शकाखाली मिळाले. जाड उसाच्या पेशीत ८० गुणसूत्रे असतात, कोइमतूरच्या काशात ६४. नेहमीच्या हिशेबाने मुलात ४० आणि ३२ मिळून ७२ यायला हवीत. पण को २०५ मध्ये आढळली ११२. ब्रेमर या डच शास्त्रज्ञाने हे कोडे सोडवले: अशा संकरात आई आपला अर्धा वाटा न देता सगळी ८० गुणसूत्रे मुलाला देते, बाप मात्र अर्धीच देतो. म्हणून गवताशी सोयरीक करूनही गोडीचे पारडे जड राहिले, आणि पुढच्या पिढ्यांत पुन्हा गोड उसाशी संकर केल्यावर गवताचा काटकपणा शिल्लक राहून त्याची फिकटपणाची खोड मागे पडली. १९३४ ते १९३९ या काळात कोइमतूरला असलेल्या जानकी अम्मल यांनी या कुळाच्या गुणसूत्रांचा बारकाईने अभ्यास केला. उसाचे मका, ज्वारीसारख्या दूरच्या गवतांशी झालेले संकर त्यांनी तपासले आणि काश ही एकच एक गोष्ट नसून ठिकाणागणिक वेगवेगळी गुणसूत्रसंख्या बाळगणारा मोठा परिवार आहे, हे दाखवण्यात त्यांचा मोठा वाटा आहे. ज्याला शेतकरी ‘एक तण’ म्हणून ओळखत होता, त्याच्या आत केवढी विविधता दडलेली आहे हे त्यामुळे कळले.

माझ्या म्हणण्यावर पहिला आक्षेप अर्थशास्त्राकडून येतो, आणि तो वजनदार आहे. भारतीय साखर उद्योग उभा राहिला तो १९३२ च्या संरक्षण कायद्यामुळे, असे म्हटले जाते. जावाच्या साखरेवर जबर जकात बसली आणि जेमतेम तीसेक असलेले कारखाने चार-पाच वर्षांत सव्वाशेच्या पुढे गेले. हे खरे आहे. जकात नसती तर जावाच्या किमतीपुढे नवे कारखाने तगले नसते. पण कायदा एका सहीने लागू होतो, ऊस एका सहीने उगवत नाही. नव्या वाणाचे एक रोप निवडल्यावर त्याचे बेणे वाढवत वाढवत हजारो एकरांपर्यंत नेण्यास वर्षे लागतात. को वाणांनी ती वर्षे १९१८ पासून आधीच खर्च केलेली होती. गव्हाणीत टाकायला भरीव ऊस जवळच्या शिवारात उपलब्ध होता, म्हणून संरक्षणाचा फायदा घेता आला. जकातीने दार उघडले; आत पाऊल टाकायला पाय गवताने दिले होते. शिवाय त्या दारातून कोण आत आले हेही पाहावे. कारखानदारी सर्वांत वेगाने वाढली ती उत्तर प्रदेश आणि बिहारमध्ये, म्हणजे नेमकी तिथे, जिथे काशाच्या वंशातल्या उसाने आधी पाय रोवले होते.

दुसरा आक्षेप असा की हे सारे डचांनी आधीच केले होते; कोइमतूरने त्यांची नक्कल केली. जावाचे ऋण नाकारण्याचे कारण नाही. पण कासूर हा निसर्गाने घडवलेला संकर डचांना आयता सापडला आणि त्यांनी तो रोगाला तोंड देण्यासाठी वापरला. कोइमतूरपुढचा प्रश्न निराळा होता: उष्ण कटिबंधातले पीक थंडी पडणाऱ्या मैदानात कसे जगवायचे? त्यासाठी गवताला जाणीवपूर्वक बाप म्हणून निवडणे हे त्यांचे स्वतःचे पाऊल होते. तिसरा आक्षेप अधिक खोल आहे. उत्तरेतला बारीक ऊस शेतकऱ्यांनी कैक शतके जोपासला होता, त्यांना श्रेय का नाही? द्यायलाच हवे. अलीकडच्या जनुकीय अभ्यासातून दिसते की तो बारीक ऊसही मुळात जाड ऊस आणि काश यांच्या जुन्या, आपोआप झालेल्या संकरातूनच आलेला आहे. न्यू गिनीकडून आलेला गोड ऊस उत्तर भारतात पोचला तेव्हा इथल्या रानगवताने त्याला आपल्यात घेतले आणि शेतकऱ्याच्या नजरेने त्यातले टिकाऊ निवडून ठेवले. विज्ञान विसाव्या शतकात तीच वाट पुन्हा, पण डोळस होऊन चालले. या आक्षेपाने माझे म्हणणे पातळ होत नाही, उलट घट्ट होते.

महाराष्ट्राशी या कथेचे नाते दुसऱ्या पिढीत जुळते. दख्खनच्या कालव्यांवर पूर्वी ‘पुंड्या’ हा जाड, मऊ, गुळाला उत्तम असा ऊस होता. खाऊन गोड वाटावा असा, पण पाण्याखताला हावरा आणि नाजूक. १९३२ साली नीरेच्या कालव्यावर पाडेगाव इथे ऊस संशोधन केंद्र सुरू झाले आणि तिथून नव्या वाणांची पारख होऊ लागली. यातला ‘को ४१९’ दख्खनला फळला. त्याची आई जावाचा पीओजे २८७८, बाप कोइमतूरचा को २९०. म्हणजे दोन बेटांसारखे वेगळे चाललेले दोन वंश त्याच्यात एकत्र आले. जाडीत पुंड्याच्या तोडीचा, उताऱ्यात त्याहून सरस असा हा ऊस बघता बघता कालव्यांवर पसरला. १९५० च्या अखेरीस प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या सहकारी कारखान्याचे पहिले गाळप झाले, तेव्हा दख्खनच्या कालव्यांवर को ४१९ चेच राज्य होते. सहकाराच्या इतिहासात भागभांडवल, कर्ज आणि नेतृत्व यांची चर्चा होते, ती योग्यच आहे. पण छोट्या शेतकऱ्याच्या दोन-चार एकरांतून कारखान्याला पुरेल इतका ऊस निघाला पाहिजे, ही त्या साऱ्या हिशेबाची पहिली अट होती, आणि ती या वाणाने पुरी केली. पुढे को ७४० आला, आणि त्यानंतर आज आडसालीपासून खोडव्यापर्यंत सर्वत्र ज्याचा नुसता आकडा उच्चारला जातो तो ८६०३२. या सगळ्या आकड्यांमागचे ‘को’ म्हणजे कोइमतूर. हीच अक्षरे समुद्रापारही गेली. कोइमतूरला केलेल्या एका संकराचे बी दक्षिण आफ्रिकेत नाताळला पाठवले गेले. तिथे रोपांतून निवडलेला ‘एनको ३१०’ १९४० च्या दशकात प्रसृत झाला आणि पुढे तैवानपर्यंत पोचला. ज्या नाताळच्या फडांत १८६० पासून गिरमिटाने नेलेले भारतीय मजूर राबले होते, तिथेच भारतातल्या गवताचा वंश रुजला.

आता सर्वांत अवघड आक्षेप. एवढी साखर पिकवून भले कुणाचे झाले? महाराष्ट्रात शेतजमिनीच्या लहानशा भागावर उभे असलेले हे पीक सिंचनाच्या पाण्याचा फार मोठा वाटा ओढून घेते, तोही अवर्षणाच्या पट्ट्यात. आणि साखर म्हणजे आरोग्य असे आज कोणी म्हणणार नाही. बाहेरून मिसळलेल्या व तत्सम साखरेतून मिळणारी ऊर्जा दिवसभराच्या ऊर्जेच्या दहा टक्क्यांच्या आत ठेवावी, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितले. १९६० च्या दशकात अमेरिकेतल्या साखर व्यवसायाच्या संस्थेने हृदयरोगाचा दोष चरबीकडे वळवणाऱ्या लेखनासाठी हार्वर्डच्या शास्त्रज्ञांना पैसे दिले होते, हेही २०१६ साली जुन्या पत्रव्यवहारातून उघड झाले. संशोधनाला प्रश्न कोण विचारतो यावर उत्तर किती अवलंबून असते, हे त्यातून शिकावे. कोइमतूरलाही जो प्रश्न विचारला गेला तो एकराला साखर किती, एवढाच होता. लिटरभर पाण्याला साखर किती, किंवा माणसाला साखर हवी किती, हे त्याला विचारलेच गेले नाही. ही उणीव मान्य केली पाहिजे. पण तिचा दोष संकराच्या शास्त्रावर टाकता येत नाही. को २०५ ची खरी करामत कमी काळजीत, कमी पाण्यात, वाईट जमिनीत जगण्याची होती. काटकपणाच्या गुणावर सुरू झालेली ही परंपरा आपण कालव्याच्या मुबलक पाण्यावर आळशी करून ठेवली. कमी पाण्यात निभावणारा ऊस उद्या हवा असेल, तर तो पुन्हा त्याच रानवट नातलगांकडे जाऊन मागावा लागेल.

आणि हे मागणे आता तातडीचे आहे. आजचा लागवडीतला ऊस पाहता त्याच्या गुणसूत्रांचा मोठा हिस्सा गोड उसाचा आणि दहावा-सातवा वाटा काशाचा. तो वाटाही मोजक्याच झाडांकडून आलेला, कोइमतूरच्या आसपासचे एक काश आणि जावाचे एखादे. एवढ्या अरुंद पायावर एवढी मोठी इमारत उभी आहे. ‘को ०२३८’ या वाणाने गेल्या दशकात उत्तर प्रदेशातले बहुतेक फड व्यापले, शेतकऱ्यांच्या हाती चार पैसे आले, आणि मग लाल कुजीने त्याला गाठले. बार्बर यांनी गोदावरीकाठी पाहिलेला तोच रोग, शंभराहून अधिक वर्षांनी. बुरशी बदलते, नवे रूप घेते. कांडीने लावलेला ऊस मात्र जसा होता तसाच राहतो. या शर्यतीत उसाला पुढे ठेवणारी शिदोरी फक्त रानात आहे.

ती शिदोरी जपण्याचे काम कोणी केले, हे सांगितल्याशिवाय या गोष्टीला पूर्णता येत नाही. सरकारचे ट्रॅक्टर काश उखडत होते त्याच सुमारास, स्वातंत्र्याच्या आगेमागे, कोइमतूरच्या मंडळींनी काशगवत गोळा करण्याची एक मोहीम आखली. नदीकाठ, डोंगरउतार, दलदली पालथ्या घालून ठिकठिकाणचे ठोंब आणायचे, त्यांना क्रमांक द्यायचे आणि वाफ्यात लावायचे, एवढेच तिचे काम. या मोहिमेच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे ‘एसईएस’. त्या झाडांतून लगेच कुठला चमत्कारी ऊस निघणार नव्हता, तरी ती लावली गेली आणि जोपासली गेली. २०१८ साली उसाच्या कुळातल्या काशाचा संपूर्ण जनुकसंच पहिल्यांदा गुणसूत्रागणिक उलगडून प्रसिद्ध झाला. ज्या झाडावर तो वाचला गेला त्याचा वंश एसईएस २०८ या क्रमांकाचा होता. एका हाताने देशाने कर्ज काढून जे गवत उपटले, तेच दुसऱ्या हाताने वाफ्यात लावून ठेवले. शेतातून ते उपटणे गरजेचे होते. पण वाफ्यात ते लावले नसते तर उसाने पुढच्या संकटात कुणाकडे हात पसरले असते, याचे उत्तर आज आपल्याकडे नसते.